मनाचें औषध सोडल्यानंतर

औषध नियमानें घेणें जितकें अवघड, तितकेंच तें योग्य रीतीनें सोडणेंहि अवघड असतें. ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांतूनसुद्धां फारशी बोलली जात नाहीं. डोकें दुखावयाचें थांबलें कीं गोळी थांबते, आणि ती थांबविल्याची शरीराला जाणीवहि होत नाहीं. मनाच्या विषादावर, म्हणजे ज्याला आज घरोघर ‘डिप्रेशन’ म्हणतात त्या आजारावर, दिल्या जाणाऱ्या औषधांची गोष्ट निराळी आहे. तीं महिनोगणती, कधीं वर्षानुवर्षें घ्यावीं लागतात. आणि एके दिवशीं तीं एकदम बंद केलीं, तर शरीर तें नेहमींच मुकाट्यानें सहन करतें असें नाहीं. बंद केल्यानंतरचा हा त्रास ओळखतां न आल्यामुळें कित्येक घरांत नसतें भय शिरतें, तर कित्येक घरांत खऱ्या भयाकडे दुर्लक्ष होतें.

जळगांवांतील एखाद्या सुशिक्षित घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पन्नाशीच्या आंतबाहेर असलेल्या एका गृहिणीला दोन वर्षांपूर्वीं विषादाचा आजार झाला. डॉक्टरांनीं एस्सिटॅलोप्राम नांवाच्या औषधाची दहा मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आणि तिनें चांगला उतार पडला. पुढें वैशाखांत धुळ्याला दिरांच्या घरीं लग्न निघालें. पाहुण्यांच्या गर्दींत गोळ्यांची पट्टी कोणाच्या दृष्टीस पडूं नये, म्हणून ती जळगांवींच ठेवून बाई मोटारींत बसल्या. प्रकृति तर उत्तम आहे, मग आतां गोळी हवी कशाला, असेंहि त्यांच्या मनानें घेतलें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मान वळविली कीं डोक्यांत विजेचा बारीक झटका बसावा तसें होऊं लागलें. रात्रीं विचित्र स्वप्नें, पहांटे घाम, दिवसा मळमळ, आणि क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “ताई, उन्हाचा तडाखा बसला आहे, कैरीचें पन्हें घ्या.” दीर म्हणाले, “वहिनी, तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला फार लावून घेतां.” पति घाबरून म्हणाले, “जुना आजार उलटला. आतां ह्या गोळ्या जन्माच्या झाल्या.” तिघांचाहि हेतु चांगला होता, निदान मात्र तिघांचेंहि चुकलें होतें.

हें चित्र कल्पित आहे; त्यांतील लक्षणें कल्पित नाहींत. वैद्यकशास्त्रानें त्यांची नोंद केलेली असून डॉक्टर मंडळी त्यांना ‘विथड्रॉवल’चीं, म्हणजे औषध सुटल्याचीं लक्षणें म्हणतात. तीं कां उद्भवतात हें समजण्यासाठीं हीं औषधें काय करतात, हें अगोदर पाहिलें पाहिजे.

विषादावरील आधुनिक औषधांचा शोध बराचसा योगायोगानें लागला. इ. स. १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत इप्रोनियाझिड नांवाचें औषध क्षयाच्या रोग्यांस देत असतांना ते रोगी अकस्मात् उल्हसित झालेले दिसले. १९५७ सालीं स्वित्झर्लंडमधील मानसोपचारतज्ज्ञ रोलांट कून यांनीं इमिप्रामिन ह्या औषधाचा विषादावरील गुण प्रसिद्ध केला. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं, १९५९ मध्यें, हेंच इमिप्रामिन बंद केल्यावर रोग्यांस होणाऱ्या त्रासाचें वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत आलें. म्हणजे औषधाचा गुण आणि तें सोडण्यांतील अडचण ह्या दोन्ही गोष्टी जवळजवळ जोडीनेंच जगापुढें आल्या. १९८७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, सिटॅलोप्राम, एस्सिटॅलोप्राम हीं त्याच वर्गांतील औषधें. आज खानदेशांतील तालुक्याच्या गांवींहि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीं मिळूं शकतात.

मेंदूंतील पेशी एकमेकींना निरोप पाठवितात ते रासायनिक द्रव्यांच्या द्वारें. सिरोटोनिन हें त्यांपैकीं एक. निरोप पोहोंचला कीं, पाठविणारी पेशी तें द्रव्य पुन्हां आंत ओढून घेते. वर सांगितलेलीं औषधें ही ओढून घेण्याची दारें बऱ्याच अंशीं अडवून धरतात. त्यामुळें दोन पेशींच्या मधल्या जागेंत सिरोटोनिन अधिक वेळ राहतें. विषाद म्हणजे केवळ सिरोटोनिनची उणीव, असें सोपें समीकरण आतां शास्त्रज्ञ मांडीत नाहींत. परंतु औषध चालू असतां मेंदू ह्या नव्या परिस्थितीशीं जुळवून घेतो, हें मात्र स्पष्ट आहे. सिरोटोनिन टिपणाऱ्या यंत्रणेची संवेदनशीलता तो कमी-अधिक करतो आणि नवा तोल साधतो.

वैशाखांतील दुपारीं जळगांवच्या रस्त्यावरून चालत आलेला मनुष्य एकदम माजघरांत शिरला, तर त्याला कांहीं दिसेनासें होतें. माजघरांत पुरेसा उजेड असतो आणि डोळ्यांतहि दोष नसतो. परंतु बाहेरच्या प्रखर उन्हासाठीं बारीक झालेल्या बाहुल्या क्षणार्धांत मोठ्या होत नाहींत. औषध एकदम बंद झालें म्हणजे मेंदूची अशीच स्थिति होते. औषध शरीरांतून कांहीं दिवसांत निघून जातें. मेंदूनें त्याच्यासाठीं केलेली मांडणी मागें राहते. ती उलगडून पुन्हां बसवावयास डोळ्यांना कांहीं मिनिटें लागत असतील, तर मेंदूला आठवडे, आणि कांहीं मनुष्यांत महिनेच्या महिने लागतात.

ह्यावरून एक गैरसमज दूर व्हावयास हरकत नाहीं. त्रास होतो त्या अर्थीं ह्या गोळ्यांचें व्यसन लागलें, असें पुष्कळांस वाटतें. व्यसनांत त्या वस्तूची ओढ असते. मात्रा वाढवावीशी वाटते. ती मिळविण्यासाठीं मनुष्य नाहीं नाहीं तें करतो. विषादावरील गोळ्यांच्या बाबतींत असें घडत नाहीं. घडतें तें एवढेंच कीं शरीर त्यांना सरावतें, आणि सरावलेल्या शरीरास सवय मोडावयाला अवधि द्यावा लागतो. तेव्हां त्रास होणाऱ्या मनुष्याला व्यसनी म्हणणें चूक आहे, आणि दुबळ्या मनाचा म्हणणें त्याहून चूक आहे.

सर्व औषधें सोडतांना सारखाच त्रास होत नाहीं. पॅरोक्सेटिन शरीरांतून लवकर निघून जातें, व्हेनलाफॅक्सिन तर कांहीं तासांतच ओसरूं लागतें. म्हणून हीं दोन औषधें सोडतांना त्रास बहुधा लवकर आणि अधिक होतो. उलट फ्लुओक्सेटिन व त्यापासून शरीरांत बनणारें द्रव्य ह्यांना पूर्णपणें निघून जावयास कित्येक आठवडे लागतात. त्यामुळें त्याचा त्रास बहुधा सौम्य असतो, परंतु तो उशिरां येऊं शकतो. औषध किती दिवस घेतलें, किती मात्रेनें घेतलें आणि किती एकाएकीं सोडलें, ह्यांवरहि पुष्कळ अवलंबून असतें.

हा त्रास किती जणांस होतो आणि किती काळ टिकतो, ह्याविषयीं वैद्यकशास्त्राचें मत गेल्या कांहीं वर्षांत बदललें आहे. २००४ सालच्या इंग्लंडमधील अधिकृत मार्गदर्शनांत, हीं लक्षणें सामान्यतः सौम्य असून सुमारें एका आठवड्यांत आपोआप शमतात, असें म्हटलें होतें. ज्यांना महिनोगणती त्रास होत होता त्यांना हें वाक्य ऐकवून परत पाठविलें जाई. पुढें अनेकांनीं आवाज उठविल्यावर २०१९ मध्यें तेथील रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्स ह्या संस्थेनें, कांहीं रोग्यांत हा त्रास तीव्र व दीर्घकाळ टिकणारा असूं शकतो, हें मान्य केलें. २०२२ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शनांतहि औषध टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचा आग्रह आहे.

आंकड्यांविषयीं अद्याप एकमत नाहीं. डेव्हिस व रीड ह्या इंग्लंडमधील दोन संशोधकांनीं आपल्या आढाव्यांत निम्म्याहून अधिक लोकांना, म्हणजे शेंकडा ५६ जणांना, त्रास होतो असें अनुमान काढलें. त्यानंतर २०२४ मध्यें जर्मन संशोधकांनीं ७९ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत औषध सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा ३१ जणांना लक्षणें जाणवलीं. परंतु औषधाच्या जागीं निरुपद्रवी खोटी गोळी घेणाऱ्यांपैकींहि ती बंद केल्यावर शेंकडा १७ जणांना तशींच लक्षणें जाणवलीं. म्हणजे खरोखर औषधामुळें होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारें ३५ जणांत एकाला, असा त्यांचा हिशेब. ह्या अभ्यासांतील पुष्कळ रोग्यांनीं औषध थोडेच महिने घेतलेलें होतें, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. दोन्ही बाजू पाहतां निष्कर्ष असा निघतो कीं, बहुसंख्य लोक फारसा त्रास न होतां औषधांतून बाहेर पडतात. पण ज्यांना त्रास होतो त्यांचा तो खराच असतो. पस्तिसांत एक हें प्रमाण लहान दिसलें, तरी हीं औषधें लक्षावधि लोक घेतात हें ध्यानांत घेतलें, म्हणजे त्याची व्याप्ति कळते.

आतां अत्यंत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, हा त्रास औषध सुटल्याचा, कीं जुना आजार परतल्याचा, हें कसें ओळखावें? पहिली खूण काळाची. औषध सुटल्याचीं लक्षणें बहुधा मात्रा कमी केल्यापासून कांहीं दिवसांत येतात. आजार परततो तो सामान्यतः कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं, हळूहळू. दुसरी खूण लक्षणांच्या स्वरूपाची. डोक्यांतील झटके, चक्कर, मळमळ, हातापायांस मुंग्या, ठसठशीत स्वप्नें हीं मूळच्या आजारांत नव्हतीं आणि आतां आलीं, तर तीं औषध सुटल्याचीं असण्याचा संभव अधिक. तिसरी खूण अशी कीं, डॉक्टरांनीं तेंच औषध पुन्हां सुरू केलें असतां औषध सुटल्याचा त्रास बहुधा कांहीं दिवसांतच ओसरतो. परतलेल्या आजाराला उतार पडावयास मात्र आठवडे लागतात. चौथी खूण चढउताराची. हा त्रास श्रावणांतील ऊनपावसासारखा येतो-जातो. दोन दिवस स्वच्छ गेले तर तिसऱ्या दिवशीं पुन्हां आभाळ भरून येतें. विषादाचें मळभ बहुधा सतत राहतें. अर्थात् ह्या खुणा म्हणजे कांहीं कसोटीचा दगड नव्हे. उदासपणा, काळजी, निद्रानाश हीं लक्षणें दोहोंकडे समान असतात, आणि कधीं कधीं दोन्ही गोष्टी एकत्रहि असतात. म्हणूनच निर्णय घरांतल्या घरांत न करतां डॉक्टरांपुढें सर्व हकीकत मांडावी.

औषध एकदम बंद करूं नये, हळूहळू कमी करावें, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु ‘हळूहळू’ म्हणजे कसें, हें फारच थोड्यांस ठाऊक असतें. २०१९ मध्यें मार्क हॉरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनीं ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ ह्या नियतकालिकांत ह्याचा उलगडा केला. हॉरोविट्झ हे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असून, हीं औषधें सोडतांनाचा त्रास त्यांनीं स्वतः भोगलेला होता. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या मोजणींतून असें दिसतें कीं, सिटॅलोप्रामची २० मिलिग्रॅमची मात्रा सिरोटोनिन ओढून घेणाऱ्या दारांपैकीं सुमारें शेंकडा ८० दारें अडविते. मात्रा निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारें ९ मिलिग्रॅम केली, तरी शेंकडा ७० दारें अडलेलींच राहतात. साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास तीं निम्मीं, आणि दीड मिलिग्रॅमला सुमारें शेंकडा ३० अडलेलीं असतात. ह्याचा अर्थ असा कीं, वीसावरून दहावर येतांना मेंदूला फारसा फरक कळत नाहीं. परंतु पांचावरून एकदम शून्यावर येतांना निम्म्याहून अधिक आधार एका रात्रींत निघून जातो.

जुन्या वाड्यांत असा एखादा जिना असावा कीं ज्याच्या वरच्या पायऱ्या वीतभर उंचीच्या, आणि अगदीं शेवटची पायरी मात्र पुरुषभर उंचीची. वरच्या पायऱ्या सहज उतरलेला मनुष्य शेवटीं आपटतो, आणि आपण उतरावयासच नको होतें असें म्हणतो. उतरणें चूक नव्हतें; शेवटच्या उंचीचे आणखी चार टप्पे करावयास हवे होते. म्हणून औषध कमी करतांना दर वेळीं ठराविक मिलिग्रॅम न वजा करतां, चालू मात्रेचा कांहीं हिस्सा कमी करावा; मग दोन ते चार आठवडे थांबून प्रकृतीचा अंदाज घ्यावा आणि ठीक असेल तरच पुढची पायरी उतरावी. मात्रा जितकी लहान, तितकें पाऊल लहान. कोणास हें काम कांहीं आठवड्यांत साधतें, कोणास वर्षाहून अधिक काळ लागतो. एक दिवसाआड गोळी घेणें ही पद्धति दिसावयास सोपी, परंतु शरीरांतील औषधाचें प्रमाण तीमुळें खालीवर होतें, म्हणून ती बहुधा त्रासदायक ठरते. सावकाश विरघळणारी म्हणून बनविलेली गोळी किंवा कॅपसूल घरीं मोडूं किंवा कुटूं नये. अगदीं लहान मात्रा कशी साधावी, हें डॉक्टर व औषधविक्रेता ह्यांच्या सल्ल्यानें ठरवावें. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीनें तर आपल्या विचारानें गोळी मुळींच बंद करूं नये.

परंतु ज्यांनीं औषध आधींच सोडलें आहे आणि ज्यांचा त्रास रेंगाळत आहे, त्यांनीं काय करावें? औषध सोडून थोडेच दिवस वा आठवडे झाले असतील, तर डॉक्टर पुष्कळदां पूर्वींची किंवा त्याहून कमी मात्रा पुन्हां सुरू करतात, प्रकृति स्थिरावूं देतात, आणि मग अधिक सावकाश उतरवितात. ह्यांत पराभव मानण्याचें कारण नाहीं. चुकलेली वाट सोडून पुन्हां नाक्यावर येणें हाच लवकर पोहोंचण्याचा मार्ग असतो. अनेक महिने लोटले असतील, तर पुन्हां औषध सुरू केल्यानें गुण येईलच असें नसतें; तेथें डॉक्टरांस व्यक्ति पाहून निर्णय करावा लागतो. ह्या रेंगाळलेल्या त्रासावर खात्रीचें असें एकच औषध अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून घाईनें एकावर एक नव्या गोळ्या वाढवीत जाणें बरें नव्हे. शेजाऱ्यानें दिलेली झोपेची गोळी तर घेऊंच नये. त्या गोळ्यांची सवय लवकर लागते आणि ती सुटणें अधिक कठीण. थकवा, धडधड, चक्कर ह्यांना थायरॉईडचा दोष, रक्ताची कमतरता किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव हींहि कारणें असूं शकतात. प्रत्येक लक्षणाचा दोष सुटलेल्या गोळीवर टाकण्यापूर्वीं तीं तपासून घ्यावीं.

रोजच्या व्यवहारांत पहिला उपाय म्हणजे लहानशी वही. कोणत्या दिवशीं किती मात्रा होती, झोप किती लागली, त्रास कोणता व किती, हें दोन ओळींत रोज लिहावें. वाईट दिवशीं मनुष्यास वाटतें कीं आपण कधींच बरे नव्हतों. अशा वेळीं मागच्या महिन्याचें पान त्याला सांगतें कीं चांगले दिवस आले होते आणि ते वाढत आहेत. डॉक्टरांनाहि ह्या वहीचा मोठा उपयोग होतो. दुसरा उपाय नियमितपणाचा. निजण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. जेवण साधें व वेळेवर असावें. चहा-कॉफी कमी, दुपारनंतर शक्य तर नाहींच. मद्य तर वर्ज्य. तिसरा उपाय चालण्याचा. खानदेशांतील उन्हाळ्यांत पारा चव्वेचाळीस अंशांवर चढतो. तेव्हां फिरणें सूर्य वर येण्यापूर्वीं उरकावें, पाणी जवळ ठेवावें आणि थकवा येईपर्यंत चालूं नये. विषादावरील ह्या औषधांनीं वृद्धांच्या रक्तांतील सोडियम कधीं कधीं कमी होतें. औषध अद्याप चालू किंवा उतरणीवर असेल, आणि उन्हाळ्यांत वृद्ध मनुष्य अकस्मात् गोंधळल्यासारखा बोलूं लागला, तर तो मनाचा खेळ न समजतां तत्काळ रक्त तपासावें. औषध कमी करण्याचा आरंभहि मुलांच्या परीक्षा, घरचें लग्नकार्य किंवा कडक उन्हाळा टाळून करावा. चक्कर येत असतां मोटारसायकल चालवूं नये. जळगांव-धुळें हमरस्त्यावर तर नाहींच नाहीं.

पहांटे एकाएकीं भीति दाटून येते, तेव्हां तिच्याशीं वाद घालीत बसण्यापेक्षां उठून बसावें, श्वास सावकाश सोडावा, पायांखालची फरशी, हातांतील तांब्याचा गारवा ह्यांकडे लक्ष द्यावें. ही मेंदूची फेरमांडणी चालली आहे, ही लाट आली तशी जाईल, असें स्वतःस सांगावें. असल्या लहान उपायांनीं लाट येणें थांबत नाहीं. पण तिच्यांत मनुष्य वाहून जात नाहीं. समुपदेशकाशीं नियमानें बोलण्यानेंहि पुष्कळांस आधार मिळतो.

घरांतील माणसांचें कर्तव्य ह्याहून कमी नाहीं. “मन खंबीर कर”, “आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं”, “तुला काय कमी आहे?” हीं वाक्यें प्रेमानें उच्चारलीं तरी तीं जखमेवर मीठ चोळतात. आजारी मनुष्यास सर्वांत मोठी भीति असते ती, आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं ही. “होतें आहे तें खरें आहे, आणि तें ओसरेल”, एवढें वाक्य पुरेसें असतें. त्याच्या वांट्याचीं कांहीं कामें कांहीं महिने दुसऱ्यानें उचलावीं. त्याच्यासमोर पाहुण्यांशीं त्याच्या प्रकृतीची चर्चा करूं नये. चिडचिड झाली तर ती व्यक्तीची न समजतां काळाची समजावी. मुलीचें किंवा मुलाचें लग्न जमावयाचें आहे म्हणून गोळ्या लपविणें किंवा बंद करविणें, हा प्रकार आपल्याकडे होतो. परंतु ताकाला जाऊन भांडें लपविण्यांत हित नाहीं. डॉक्टरांपासून तर कांहींच लपवूं नये. २०१७ सालच्या आणि २९ मे २०१८ पासून अमलांत आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचें बंधन उपचार करणाऱ्यांवर घातलें आहे.

कांहीं लक्षणें मात्र वाट पाहण्याजोगीं नसतात. जगणें नकोसें वाटणें, स्वतःस इजा करण्याचे विचार येणें, कित्येक रात्रीं मुळींच झोप न लागतां अंगांत विलक्षण उत्साह संचारणें, भास होणें, किंवा एके जागीं क्षणभरहि बसवेनासा असह्य अस्वस्थपणा, ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास तें औषध सुटल्याचें कीं आजाराचें, ही चर्चा बाजूला ठेवावी, मनुष्यास एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा सुरू आहे; १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा वा रात्रीं केव्हांहि विनामूल्य बोलतां येतें. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. जळगांवींहि २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. चोपडा, रावेर, शिरपूर किंवा साक्री येथील कुटुंबास मानसोपचारासाठीं पुण्या-मुंबईची वाट धरावी लागतेच असें आतां नाहीं.

हें सर्व वाचून कोणी, मग हीं औषधें घ्यावींच कशाला, असें म्हणेल, तर तें उतावळेपणाचें होईल. विषाद हा प्राणावर बेतणारा आजार आहे, आणि ह्या गोळ्यांनीं असंख्य माणसें पुन्हां उभीं राहिलीं आहेत. २०२१ मध्यें इंग्लंडमध्यें दीर्घकाळ औषध घेत असलेल्या आणि बरें वाटूं लागलेल्या ४७८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं ज्यांनीं औषध चालू ठेवलें त्यांच्यांत एका वर्षांत शेंकडा ३९ जणांचा, आणि ज्यांचें औषध कमी करून थांबविलें त्यांच्यांत शेंकडा ५६ जणांचा आजार उलटला. ह्या आंकड्यांकडे दोन्ही अंगांनीं पाहिलें पाहिजे. सोडण्यांत धोका आहे, हें खरें. आणि सोडणाऱ्यांपैकीं शेंकडा ४४ जण वर्षभर ठीक राहिले, हेंहि तितकेंच खरें. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या मनुष्यानें पूर्ण बरें वाटल्यानंतरहि निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावें, आणि ज्याचा आजार वारंवार उलटतो त्यानें अधिक काळ, असा सामान्यतः सल्ला दिला जातो. घ्यावें कीं सोडावें, हा निर्णय डॉक्टर आणि रोगी ह्यांनीं मिळून करावयाचा. लग्नघरांतील गर्दीनें किंवा संपलेल्या पट्टीनें तो करूं नये.

आरंभींच्या बाईंचें काय व्हावयास हवें होतें, हें आतां सांगणें कठीण नाहीं. धुळ्याहूनच त्यांच्या डॉक्टरांस दूरध्वनि करून गोळी कोणत्या दिवसापासून चुकली हें सांगावयास हवें होतें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीच गोळी धुळ्यांत घेऊन पुन्हां सुरू झाली असती, आणि अशा वेळीं बहुधा आठवड्याभरांत डोक्यांतील झटके थांबतात. पुढें लग्नाची दगदग संपल्यावर, पावसाळ्याच्या गारव्यांत, वही हातीं घेऊन, टप्प्याटप्प्यानें उतरण्याचा बेत करतां आला असता. आणि तिसऱ्या टप्प्यावर पुन्हां थोडी चक्कर आली असती, तर यजमानांनीं घाबरून न जातां वहींतील मागचें पान काढून त्यांना वाचून दाखविलें असतें.